हाल्डिसच्या वाटचं तेल

डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणीचा कागद पुढे सरकवला तेव्हा आन्सगारने वरचं नाव पाहिलं, जन्मतारीख पाहिली, खालचा आकडा पाहिला आणि कागद परत सरकवून दिला. हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे, म्हणाला. नाव हाल्डिसचं होतं, जन्मतारीख हाल्डिसची होती, आणि हाल्डिस स्वतः शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तरी कागद दुसऱ्याचा. कारण त्यात लिहिलं होतं की या बाईच्या अंगात ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. आणि ही बाई आन्सगारची बायको होती.

आन्सगारची बायको म्हणजे काय, ते हेस्तवोग गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याचे वडील धक्क्यावरच्या शेडमध्ये कॉड माशाच्या कलेजीचं तेल काढायचे. पंधराव्या वर्षी आन्सगार त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि पुढची छत्तीस वर्षं तिथून हलला नाही. पुढे मासळीचं केंद्रच बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, तेव्हा या गृहस्थाने वाफेचा जुना हंडा बर्फावरून घसरगाडीवर ओढत घरी आणला आणि मागच्या छपरात बसवला. तिथे तोवर हाल्डिसचे बटाटे असत. बटाटे आता कुठे ठेवायचे, असं तिने विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

जानेवारीअखेर कॉड अंडी घालायला किनाऱ्याजवळ आला की आन्सगार बादली घेऊन धक्क्यावर हजर. पित्त लागलेली कलेजी नको, डागाळलेली नको, सकाळी धरलेल्या माशाची दुपारच्या आत हंड्यात गेली पाहिजे. वाफ मंद हवी. घाई केली की तेल करपतं आणि तो वास वर्षभर नाकातून जात नाही. वर येणारं पहिलं निवळ तेल तेवढं बाटलीत भरायचं, बाकीचं शेजारच्या कोंबड्यांना. निम्मं गाव हे तेल न्यायचं. कुणी पैशाची भाषा केली तर आन्सगार चिडायचा, आणि जो न्यायला येत नसे त्याच्यावर त्याहून जास्त चिडायचा. दुकानातल्या लिंबाच्या स्वादाच्या तेलाबद्दल तो चारचौघांत बोलायचाच नाही, इतकी त्याला त्याची किळस होती. आणि गोळ्यांबद्दल त्याचं मत असं की गोळीतून जीवनसत्त्व घेणं म्हणजे मोजे घालून पोहायला जाणं.

बरं, माणूस हट्टी असला तरी मूर्ख नव्हता. जिथे नोव्हेंबरात डोंगरामागे गेलेला सूर्य थेट जानेवारीच्या शेवटी तोंड दाखवतो, तिथे चार पिढ्यांची हाडं या तेलावरच उभी राहिलेली. नावात र असलेल्या प्रत्येक महिन्यात, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, रोज सकाळी तो स्वतः एक चमचा घ्यायचा, डोळे मिटून. हाल्डिसचं मात्र छोट्या काचेच्या ग्लासात ओतायचा, कारण लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली होती की चमच्याने तिला ठसका लागतो, ती आपली पावाबरोबर सावकाश घेईल. त्याने ग्लास टेबलावर ठेवायचा, बूट चढवायचे आणि दारातून विचारायचं, "घेतलंस का?" आतून "हो" यायचं. अशी एक्केचाळीस वर्षं.

आणि अशा माणसाची बायको गेल्या शरद ऋतूपासून खुर्चीतून उठताना टेबलाला रेटा द्यायला लागली. जिना चढताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवायची. मांड्यांतला जोरच कुणी काढून घेतलाय, म्हणायची. बरगडीला नुसता हात लागला तरी कळवळायची. आन्सगार आधी म्हणाला वय झालं, मग म्हणाला बूट वाईट आहेत, मग म्हणाला तू बसून फार राहतेस. जानेवारीत सूर्य परत यायच्या दिवशी शाळेला सुट्टी मिळाली, सगळं गाव गोड बन घेऊन टेकडीवर चढलं, आणि हाल्डिस जन्मात पहिल्यांदा घरी राहिली. टेकडीवर एका हातात आपला आणि एका हातात तिचा बन धरून उभं राहिल्यावर आन्सगारला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरची वेळ घेतली.

डॉक्टर सिल्ये दक्षिणेकडून आलेली, जेमतेम तिशीची. तिने शांतपणे सगळं समजावून सांगितलं. हाडं मऊ पडत चालली आहेत म्हणून दुखतंय, आणि पायातला जोर गेलाय तोही त्याच कारणाने. इथलं हिवाळ्यातलं ऊन दिसतं तेवढंच, कातडीला त्यातून काही मिळत नाही. जे काही यायचं ते पोटातून. पण घाबरायचं कारण नाही, हे बरं होणारं आहे. दुकानात मिळतात त्याच गोळ्या, रोज किती आणि किती महिने ते ती लिहून देईल. उन्हाळा सरेपर्यंत हाल्डिस नीट चालायला लागेल. दुर्लक्ष केलं तर मात्र एक दिवस पडेल, खुब्याचं हाड मोडेल आणि मग फेरीबोटीने पलीकडच्या वृद्धाश्रमात कायमचं जावं लागेल. एवढं सांगून तिने हाल्डिसला विचारलं की ती तेल घेते का.

हाल्डिसने तोंड उघडलं.

"एक्केचाळीस वर्षं," आन्सगार म्हणाला. "रोज. माझ्या हातचं."

डॉक्टर हाल्डिसकडे बघत राहिली. हाल्डिसने पर्सचा खटका उघडला आणि परत लावला.

"तो सांगतोय ना," ती म्हणाली.

मग गोळ्यांचा विषय निघाला आणि आन्सगारचा पारा चढला. ज्याच्या तेलावर निम्मं गाव जगतं त्याच्या घरात गोळ्यांची डबी? दुकानात गल्ल्यावर रागना बसते, तिच्या तोंडून तासाभरात धक्क्यापर्यंत बातमी जाईल की आन्सगारच्या बायकोला आन्सगारचं तेल पुरत नाही. त्याने सांगून टाकलं की आजपासून ग्लास दुप्पट. डॉक्टरने कपाळाला हात लावला. तेल घेऊन ही अवस्था झालीय म्हणता आणि उपाय म्हणूनही तेलच देणार, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला की तपासणी चुकली असेल, तेल चुकणार नाही. गोळ्यांचं प्रमाण लिहिलेला कागद मात्र त्याने घडी घालून खिशात ठेवला, कारण सरकारी कागद टाकून द्यायची त्याची प्रवृत्ती नव्हती.

परत येताना गाडीत तो एकटाच बोलत होता. दक्षिणेकडची माणसं, त्यांची यंत्रं, त्यांचे आकडे, सगळ्यांचा उद्धार झाला. हाल्डिस खिडकीतून बाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून ग्लास काठोकाठ भरला जाऊ लागला. फेब्रुवारी गेला. हाल्डिसची तब्येत सुधारायची सोडून ढासळतच चालली. आधी तिचा जिना सुटला. त्यांनी पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणला, त्यासाठी आन्सगारला दाराची चौकट काढावी लागली. मग नगरपालिकेची माणसं आधाराला धरून चालायची चाकांची गाडी देऊन गेली. तिच्यावर हाल्डिस ओले टॉवेल वाळत घालायची आणि भिंतीला धरून चालायची. आन्सगार तिच्यावर ओरडायचा, गाडी वापर म्हणून. ती म्हणायची, वापरते आहे की, टॉवेल छान वाळतात.

मार्चमध्ये आन्सगारवर असा प्रसंग आला जो आयुष्यात कधी आला नव्हता. त्याला आपल्या तेलाचा संशय आला. वाफ जास्त होते की काय? हंड्याला कुठे चीर गेलीय की काय? बाटल्यांना उजेड लागतो की काय? त्याने नवा तापमापक आणला, बाटल्यांना काळा कागद गुंडाळला, तोंडात तेल घोळवून घोळवून जिभेची चव घालवून बसला. न्यायला आलेल्या माणसांना यंदा कलेजी बरोबर नाही अशी चक्क थाप मारली. शेवटी एक बाटली नीट बांधून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवली. तीन आठवडे हा माणूस कुणाशी धड बोलला नाही, आणि जे बोलला ते न बोलता तर बरं झालं असतं.

निकाल आला. तेल उत्तम होतं. सगळी जीवनसत्त्वं भरपूर, आणि खाली तिथल्या कुणीतरी हाताने लिहिलं होतं की अशी आणखी एखादी बाटली मिळू शकेल का. दुसरा कुणी असता तर आनंदाने उडाला असता. आन्सगार कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला आणि हाल्डिसवर डाफरला. तेलात खोट नाही, तर मग तुला झालंय तरी काय? जसं काही ती मुद्दामच आजारी पडली होती. हाल्डिसने मेणबत्तीचं बुड खरवडायला घेतलं.

मग त्याने मोर्चा सूर्याकडे वळवला. एप्रिल आला की हेस्तवोगमध्ये सगळेच घराच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकून उन्हात बसतात, समोर बर्फ असला तरी. हातात संत्रं, कॉफीचा थर्मास, डोळे मिटलेले. आन्सगारने हाल्डिसला काखेत हात घालून बाहेर आणलं, रेनडिअरच्या कातड्यावर बसवलं आणि वर दोन घोंगड्या टाकल्या. टोपी, हातमोजे, गळपट्टा. उघडं असं फक्त नाक राहिलं. पाच दिवसांत नाक लालभडक झालं आणि पाय होते तिथेच राहिले. त्याने डॉक्टरला फोन करून तक्रार केली की ऊनसुद्धा पूर्वीचं राहिलं नाही. सिल्ये म्हणाली की नाकभर उन्हाने हाडं उभी राहत नाहीत, आणि गोळ्या चालू केल्या का? आन्सगारने फोन ठेवून दिला.

एप्रिलच्या शेवटी ती पडली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, कॉफीची किटली घेऊन. मोडलं काही नाही, पण तिला उठता येईना आणि त्याला तिला उचलता येईना. छत्तीस वर्षं मणामणाची पिंपं हलवलेला माणूस, पण सत्त्याहत्तरीत कंबरेने साथ दिली नाही. दोघं जमिनीवर बसून राहिली, सांडलेल्या कॉफीत, अर्धा तास. शेवटी ती गुडघ्यांवर वळली आणि स्टुलाला धरून कशीबशी वर आली. तेवढ्या वेळात आन्सगारने उंबरा, किटली, सुतार आणि नगरपालिका यांना यथेच्छ शिव्या घातल्या. पण तो खरोखर घाबरला होता. फेरीबोटीने पलीकडे गेलेली किती माणसं परत आली, हे तो मनात मोजत होता, आणि त्याला एकही आठवत नव्हतं.

त्याने ठरवलं की भिंतीला सबंध घरभर लाकडी कठडा ठोकायचा. त्यासाठी दोन लांब फळ्या हव्या होत्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, चांगली हवा पडली तशी, तो फळ्या मागायला एडविनकडे गेला.

एडविन हाल्डिसचा धाकटा भाऊ. खाडीच्या काठाला त्याचं होडीघर. तशी तिथे ओळीने नऊ होडीघरं आहेत आणि सगळीच लाल, पण एडविनचं लाल काही वेगळंच. बाकीच्यांचा रंग दोन हिवाळ्यांत विटतो, पोपडे धरतो. याचं लाकूड वर्षानुवर्षं तुकतुकीत. आन्सगारनेच कितीदा चारचौघांत म्हटलं होतं की रंगकाम शिकावं तर एडविनकडून. बाकीची मंडळी आता दुकानातून रंगाचे डबे आणतात. एडविन अजून जुन्या पद्धतीने रंग कालवायचा, गेरूत माशाचं तेल घालून.

त्या दिवशीही तो बादलीत तेच कालवत बसला होता. शेजारी पत्र्याचा डबा. आन्सगार दहा पावलांवर थबकला. त्याचं नाक आणि तो, दोघांपैकी नाक जास्त शहाणं.

"हे तेल कुठलं?" त्याने विचारलं.

"कुठलं म्हणजे? तुमच्याकडचंच." एडविनने मान वर केली नाही. "हाल्डिस देते की दरवर्षी. तुझ्या बाटल्यांच्या तळाशी राहिलेलं. यंदा तर डबल दिलंय. म्हटलं, संडासाच्या दारालाही एक हात मारून घेऊ."

आन्सगारने डब्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. तळाचं नव्हतं. गाळाचा कण नव्हता. याच फेब्रुवारीतलं पहिलं निवळ तेल, ज्यासाठी त्याने पहाटे धक्क्यावर उभं राहून एकेक कलेजी उजेडात धरून पारखली होती. त्याने होडीघराकडे पाहिलं. लाकूड कसं ठणठणीत होतं. एक फट नाही, एक पोपडा नाही. चाळीस वर्षं ज्या तब्येतीसाठी तो झिजला ती सगळी समोर उभी होती, चार भिंती आणि एक दार.

"का रे, द्यायला नको होतं का तिने?" एडविनने आता मान वर केली.

"तळाचंच ते," आन्सगार म्हणाला. "उरतं तसलं."

असं का म्हणालो ते त्यालाही कळलं नाही. फळ्या खांद्यावर घेऊन तो चढ चढला. वाटेत दोनदा थांबला, दमला म्हणून नाही, संतापाने. मनात त्याने बायकोला जे जे सुनावलं ते सगळं खरं तोंडावर सुनावलं असतं तर लग्न तिथेच मोडलं असतं.

हाल्डिस स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. आन्सगारने फळ्या भिंतीला टेकवल्या.

"एडविनचं होडीघर बघून आलो," तो म्हणाला.

तिची सुरी थांबली. मग तिने अर्धा सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

"टाकून द्यायला जीव झाला नाही," ती म्हणाली. "अन्न ते. मोरीत ओतलं असतं तर वासही आला असता. म्हणून डब्यात साठवत गेले."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

आन्सगार खाली बसला. हाल्डिस बोलत राहिली, इतकी सलग ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. सोळाव्या वर्षी ती मासळीच्या केंद्रावर कलेजी निवडायला लागली होती, तीन हिवाळे. केसांतून वास जायचा नाही. घरी आई तिची चादर वेगळी धुवायची. शनिवारच्या नाचाला गेली की पोरं शेजारून उठून जायची. आन्सगार तेवढा उठला नाही, कारण त्याच्या अंगाला तोच वास होता. त्या तीन वर्षांत तिने शपथ घातली होती स्वतःला, की हे पोटात कधी जाऊ द्यायचं नाही. कलेजीचा तुकडासुद्धा ती शनिवारी त्याच्याच ताटात सरकवायची, तुला आवडते म्हणून. त्याला वाटायचं, काय प्रेम आहे.

"आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू तो ग्लास आणून ठेवलास," ती म्हणाली. "असा चेहरा करून, जसं काही दागिनाच आणलायस. नाही कशी म्हणू? म्हटलं उद्या सांगीन."

"उद्या? एक्केचाळीस वर्षांत एक उद्या उगवला नाही?"

"तुझ्यासमोर बोलायला जागा सापडते का कुणाला? डॉक्टरने मला विचारलं तर उत्तर तू दिलंस."

"पाय जायला लागलेत तुझे, हाल्डिस. फेरीबोटीत बसून पलीकडे गेली असतीस. ग्लासभर तेलापायी?"

"तेलापायी नाही रे. तुझं तोंड पडलेलं बघवलं नसतं." तिने हात पुसले. आता तीही चिडली होती, गाल लाल झाले होते. "रोज दारातून विचारायचास, घेतलंस का? एकदा तरी विचारायचंस, घेशील का म्हणून."

आन्सगारने इकडेतिकडे पाहिलं, बूट काढले, परत घातले. बाई खोटारडी होती, हट्टी होती, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि यातलं सगळ्यात जास्त कशाने डोकं फिरतंय तेच त्याला ठरवता येईना.

"गोळ्या घेशील का?" त्याने शेवटी विचारलं. शब्द तोंडातून काढताना दाढ उपटल्यासारखं झालं त्याला.

"घेईन," हाल्डिस म्हणाली. आणि मग हळू आवाजात, "पण गावात कळायला नको, आन्सगार. लोक म्हणतील, एवढी वर्षं नवऱ्याला फसवलं. एडविनची बायको तर मला जगू द्यायची नाही."

तो उठला. खिशातून डॉक्टरचा कागद काढला. तीन महिने तो तिथेच होता, घड्या पडून कापडासारखा मऊ झाला होता. तसाच तो दुकानात गेला.

दुकानात शुक्रवारची गर्दी होती. जीवनसत्त्वांच्या फळीसमोर आन्सगार उभा राहिला तेव्हाच दोन माना वळल्या. त्याने कागदाशी ताडून बघत चार डब्या उचलल्या आणि रांगेत उभा राहिला. त्याच्यामागे शाळेचे जुने मास्तर, त्यांच्यामागे एडविनची बायको, हातात दुधाची पिशवी. रागनाचं बाळपण आन्सगारच्या तेलावर गेलेलं, तिची आई अजून दोन बाटल्या न्यायची. तिने पहिली डबी यंत्रावरून फिरवली, नाव वाचलं आणि थांबली.

"तू? गोळ्या?" ती म्हणाली. मग तिचा चेहरा गंभीर झाला. "हाल्डिससाठी का? फारच थकलीय म्हणे ती."

"हाल्डिसला कशाला लागताहेत?" आन्सगार म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा होता, सगळ्या दुकानाला जाईल असा. "ती रोज ग्लासभर तेल पिते. तिचं गुडघ्याचं दुखणं आहे, ते वेगळं. या माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी?"

"मला उतरत नाही ते तेल. वास सहन होत नाही. कधीच झाला नाही, खरं सांगायचं तर."

मास्तर, जे पन्नास वर्षं सकाळी नाक दाबून आन्सगारचं तेल पीत आले होते, ते त्याच्याकडे असे बघत राहिले की आता त्यांना राग यावा की हसू, हे त्यांना समजेना. रागनाने उरलेल्या तीन डब्या मुकाट्याने यंत्रावरून फिरवल्या. आन्सगारने पिशवी घेतली, एडविनच्या बायकोला मान झुकवून नमस्कार केला आणि बाहेर पडला.

संध्याकाळपर्यंत गावात ऐकायचं कुणी राहिलं नाही. धक्क्यावर लोक त्याला बघून नाक दाबायचे. कुणीतरी त्याच्या छपराच्या दाराशी लिंबाच्या स्वादाच्या तेलाची बाटली ठेवून गेलं. आन्सगार दरवेळी चिडायचा, अगदी मनापासून, आणि एका शब्दाने खुलासा करायचा नाही. हाल्डिसच एकदा म्हणाली की पुरे झालं, मी सांगते सगळ्यांना. तो तिच्यावर असा खेकसला की तिने परत विषय काढला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत त्याने नेहमीसारखी कलेजी पारखून आणली, मंद वाफेवर तेल काढलं, बाटल्या भरून ठेवल्या. न्यायला सबंध महिन्यात सहा माणसं आली. घंटा वाजली की हाल्डिस टेबलाला हात न लावता खुर्चीतून उठायची आणि दार उघडायला जायची.